केशरोपण : ग्राफ्टचा दर आणि डोक्यावरचा शिल्लक माल

रफूगराचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना केशरोपण समजायला वेळ लागत नाही. शेरवानीला सिगरेटने भोक पडले तर हुशार रफूगर बाजारातून नवा दोरा आणीत नाही. तो त्याच कपड्याची आतली दुमड उसवतो, तिथले धागे एकेक करून काढतो आणि भोकाच्या जागी ताणा-बाणा धरून विणतो. रंग तोच, पोत तोच. डोक्यामागचे व कानांवरचे केस म्हणजे ही आतली दुमड होय. तिथले केस मुळासकट काढायचे आणि कपाळाच्या उघड्या भागात बसवायचे, एवढाच हा मामला आहे. नवीन केस एकही तयार होत नाही. जाहिरातीत ही गोष्ट ठळक अक्षरांत कुणी छापत नाही, म्हणून आम्ही ती सर्वांत आधी लिहीत आहोत.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. कारण असे की आज हा इलाज कमी आणि सौदा जास्त झाला आहे. त्याला दर आहे, माप आहे, पॅकेज आहे, महिन्याचे हप्ते आहेत. पंचविशीच्या आतबाहेरची मुले लग्नाची बोलणी सुरू झाली की दुकानाच्या भांडवलातून लाख-सव्वा लाख उचलतात आणि मोकळी होतात. बाप बाकी दोन रुपये मीटरच्या फरकासाठी भिवंडीच्या दहा गोदामांत फिरतो. जी चीज परत करता येत नाही, तिची खरेदी तरी पारखून व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आधी कारण पाहू. पुरुषांचे कपाळ मागे सरकते ते बहुधा तेल, साबण किंवा टोपीमुळे नव्हे. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन, त्यापासून शरीरात डीएचटी नावाचा पदार्थ बनतो. ज्यांच्या घराण्यात टकलाचा वारसा आहे, त्यांच्या माथ्यावरची व कपाळावरची केसांची मुळे या डीएचटीने दर फेरीला बारीक होत जातात. आधी दोन्ही बाजूंना कानशिलांच्या वर खाच पडते, मग टाळूवर चकती दिसते, शेवटी दोन्ही भाग एकमेकांना मिळतात. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये या पायऱ्या मांडल्या व ओटार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्यांत सुधारणा केली. आजही डॉक्टर त्याच सात पायऱ्यांनी मोजतात. मागच्या व बाजूच्या पट्ट्यातील मुळांवर मात्र डीएचटीचा तसा परिणाम होत नाही. पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्याभोवती केसांची झालर राहते ती यामुळेच.

ही झालरच या धंद्याचे भांडवल आहे. जपानचे डॉ. ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसह कातडीचे बारीक गोल तुकडे लावण्याची रीत छापली होती, पण महायुद्धाच्या गदारोळात ती जपानबाहेर फारशी पोहोचली नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्रिच यांनी १९५२ मध्ये टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वागतो, हा तो निष्कर्ष. मात्र त्या काळचे तुकडे चांगले चार मिलिमीटरचे असत. एका तुकड्यात दहा-पंधरा केस. परिणामी कपाळ बाहुलीच्या डोक्यासारखे किंवा शेतातल्या भाताच्या चुडांसारखे दिसे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली केसांचे नैसर्गिक पुंजके सुटे करण्याची पद्धत आली आणि १९९० च्या दशकात ती रुळली. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात. यालाच आज ग्राफ्ट म्हणतात आणि दर ठरतो तो याच मापावर.

पुंजके काढण्याच्या रीती दोन. एफयूटी रीतीत डोक्यामागून कातडीची पातळ पट्टी कापून घेतात व जागा शिवून टाकतात. मागे एक आडवी रेघ राहते, केस थोडे वाढवले की झाकली जाते. एफयूई रीतीत सुमारे एक मिलिमीटरच्या पोकळ सुईने एकेक पुंजका वेगळा काढतात. ही रीत २००२ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून पुढे आली आणि आता तिचाच बोलबाला आहे. टाके नाहीत, रेघ नाही. पण "व्रण अजिबात नाही" असे जो सांगतो तो खरे बोलत नाही. तिथे शेकडो बारीक पांढरे ठिपके राहतात आणि वस्तरा फिरवला की दिसतात.

आता मापाकडे वळू. डोक्यामागच्या पट्ट्यात एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ७० ते ८० पुंजके असतात. त्यातले सगळे काढता येत नाहीत, नाहीतर मागची बाजू कसर लागलेल्या गालिच्यासारखी होईल. बहुतेकांच्या बाबतीत साऱ्या आयुष्यात मिळून चार ते सहा हजार ग्राफ्ट निघतात. कपाळाची रेषा पुढे आणायची, म्हणजे समजा ५० चौरस सेंटीमीटर जागा भरायची, तर दर चौरस सेंटीमीटरला ४० प्रमाणे दोन हजार ग्राफ्ट एका दमात खर्ची पडतात. गोदामात माल मर्यादित आणि नवी आवक कधीच नाही, असा हा धंदा आहे.

त्यात पंचविशीचा ग्राहक आला की अडचण दुप्पट होते. त्याला अठराव्या वर्षीची रेषा हवी असते. ती लावून मिळते. पण लावलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस गळायचे थांबलेले नसतात. पस्तिशीला पुढे लावलेला पट्टा शाबूत आणि त्यामागे मोकळे मैदान, अशी सूरत होते. ते मैदान भरायला मागे माल उरलेला नसतो. म्हणून जाणकार सर्जन लहान वयात घाई करीत नाहीत, रेषा थोडी वर ठेवतात आणि बापाचे व मामाचे डोके कसे आहे ते विचारतात. जो डॉक्टर हे विचारत नाही त्याच्याकडून उठून यावे.

गळती धरून ठेवण्यासाठी औषधे आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे डोक्याला लावायचे द्रावण निघाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. फिनॅस्टराइड ही प्रोस्टेटची गोळी. तिच्या लहान मात्रेला केसांसाठी १९९७ मध्ये परवानगी मिळाली. तिने काही थोड्या पुरुषांच्या कामजीवनावर परिणाम होतो आणि गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, असा इशारा आहे. दोन्ही औषधे बंद केली की फायदा ओसरतो. दुकानातून परस्पर आणून खाण्याची ही चीज नव्हे.

बिलाकडे या. कुणी ग्राफ्टवर दर सांगतो, कुणी केसावर. आमच्या धंद्यात वार आणि मीटर यांच्या घोळात जसे नवखे गिऱ्हाईक मार खाते, तसेच इथे होते. समजा एकाने ग्राफ्टला ४० रुपये सांगितले. अडीच हजार ग्राफ्टचे एक लाख झाले. दुसऱ्याने केसाला २५ रुपये सांगितले, ऐकायला ते स्वस्त वाटते. ग्राफ्टमागे सरासरी दोन केस धरले तरी पाच हजार केसांचे सव्वा लाख होतात. तिसरी युक्ती अशी की चार केसांचा पुंजका फोडून त्याचे दोन ग्राफ्ट मोजायचे. म्हणून एक केसाचे किती, दोनाचे किती, तीनाचे किती, हा हिशेब लेखी मागावा. चांगल्या ठिकाणी तो देतात. यावर जीएसटीही लागतो. वैद्यकीय सेवांना जी माफी आहे तीतून केशरोपण नाव घेऊन वगळलेले आहे, भाजणे किंवा अपघातासारख्या कारणाने झालेली हानी भरून काढायची असेल तर गोष्ट निराळी. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्य विमाही देत नाही.

दराहून मोठा प्रश्न हात कुणाचा, हा आहे. २०१६ मध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा आणि २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. मुंबईच्या प्रकरणात एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या होत्या. वर दिलेला आयुष्यभराचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. बधिर करण्याचे इंजेक्शनही औषधच आहे, त्याची मात्रा वजनाप्रमाणे बांधलेली असते. बैठक जितकी लांबते तितके ते वाढत जाते. शिवाय एखाद्याला त्याची किंवा सोबतच्या औषधाची तीव्र ॲलर्जी उठली तर पहिली काही मिनिटेच हातात असतात. त्या मिनिटांत प्राणवायू, इंजेक्शन आणि ते वापरणारा डॉक्टर खोलीत हवा.

नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार हे काम रीतसर शिकलेल्या डॉक्टरचे आहे, त्यातही प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचे उच्च शिक्षण घेतलेल्याचे. एखाद्या कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूबवर पाहून ते शिकल्याचे धरता येत नाही. मदतनीस चालतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. पार्लरच्या वरच्या माळ्यावर जे चालते ते यात बसते का, हे ग्राहकाने स्वतः जाऊन पाहावे.

काही जण आता इस्तंबूलला जातात. तिथे विमानतळावरून ने-आण, हॉटेल आणि शस्त्रक्रिया असा एकगठ्ठा भाव असतो. तिथे चांगले सर्जन आहेत यात शंका नाही. पण एकगठ्ठ्याच्या भावात बरेच काम तंत्रज्ञ उरकतात, अशी तक्रार जगभरचे केशरोपण सर्जन वर्षानुवर्षे करीत आहेत. आणि तीन महिन्यांनी पू झाला तर टाळू दाखवायला कुणी तुर्कस्तानला जात नाही.

दुसऱ्याचे केस लावून देतो, असे कुणी म्हणाले तर तिथेच रामराम करावा. परके मूळ शरीर स्वीकारत नाही. कृत्रिम धाग्यांचे रोपण अमेरिकेने १९८३ मध्येच बंद केले. कपड्यात पॉलिएस्टर चालते, कातडीत ते पिकते.

काम झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. मूळ आत शाबूत असते, वरचा केस जातो. याने घाबरून पुष्कळ जण क्लिनिकवर धाव घेतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा केस डोके वर काढतो, पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागते. लग्न दोन महिन्यांवर आले असताना जो हे करून घेईल, त्याचे फोटो शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही विरळ डोक्याने निघतील. तारीख ठरवताना हा हिशेब आधी मांडावा, आणि शेवटचा हप्ता शक्यतो वर्षाची तपासणी झाल्यावरच द्यायचा, असे करारात लिहून घेता आले तर पाहावे.