टँकमधली झाडे पिवळी पडली, खत कोणते घालू?

पालकसभेला आलेल्या आया मुलांचे मार्क विचारून झाले की जाता जाता दुसरा एखादा विषय काढतात. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. "मॅडम, फिश टँकमधली झाडे पिवळी पडतात. दुकानदार खताची बाटली घ्या म्हणतो. घेऊ का?" अंधेरी, घाटकोपर, कुर्ल्याच्या दीड खोलीच्या घरात मांजर पाळणेही अवघड असते. तिथे दोन फुटांची काचेची पेटी हीच मुलांची बाग. प्लास्टिकची झाडे काढून खरी लावायची हौस आता बऱ्याच घरांत आली आहे आणि हौसेमागोमाग खर्चही आला.

बाटली घ्यायच्या आधी झाड खरोखर उपाशी आहे का, ते पाहावे. क्रिप्टोकोरिन नावाचे झाड जागा बदलली की सगळी पाने गाळते आणि मुळापासून पुन्हा फुटते. त्याला खत नको, महिनाभर सबुरी हवी. अनुबियास आणि जावा फर्नचे जाड आडवे खोड वाळूत पुरले की ते कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे असते. कोपऱ्यातल्या अंधारात ठेवलेल्या टँकला कितीही महागडे खत घाला, उपयोग शून्य. रोज सहा-सात तास बरा उजेड मिळाला पाहिजे.

हे सगळे ठीक असेल तर मग पाने वाचायची. आमच्या विज्ञानाच्या तासाला मुलांना हा खेळ फार आवडतो. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडून गळत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून कडा पिवळ्या होत असतील तर पालाश, म्हणजे पोटॅशियम कमी. नवी कोवळी पाने फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर लोह कमी.

टँकमध्ये मासे असतील तर नत्र आणि स्फुरद बहुधा फुकट मिळते. आपण माशांना जे खाणे घालतो, त्यातलेच नत्र-स्फुरद त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरते आणि झाडांपर्यंत पोहोचते. कमी पडते ते पोटॅशियम आणि लोह. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार अशा पावसाने भरणाऱ्या तलावांतून येते. ते मृदू असते, त्यात खनिजे थोडीच. ज्या इमारतींना बोअरवेल किंवा टँकरचे पाणी लागते, तिथले गणित थोडे वेगळे. म्हणून साध्या घरगुती टँकला 'सर्व अन्नद्रव्ये' असलेली बाटली लागतेच असे नाही.

आता एक दुःखाची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी झाडे पिवळी पडली, तेव्हा तिच्या दादीने मायेने कुंडीतल्या मोगऱ्याचे दाणेदार खत चमचाभर टँकमध्ये टाकले. सकाळी अकरा गप्पी मासे पाण्यावर तरंगत होते. मुलगी दोन दिवस शाळेत बोलली नाही, आणि दादी तर अजून त्या टँककडे पाहत नाही. दादीने चांगल्याच हेतूने केले होते. मोगऱ्याला जे चालते ते माशाला का चालत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

कारण असे. शेतीच्या आणि कुंडीच्या बहुतेक खतांत नत्र हे युरिया किंवा अमोनियमच्या रूपात असते. मातीत ते मुरते. काचेच्या पेटीतल्या चाळीस-पन्नास लिटर पाण्यात मात्र त्याचा अमोनिया होतो आणि माशांचे कल्ले जळतात. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका हा अमोनिया अधिक घातक. मुंबईच्या उकाड्यात तर विचारायलाच नको. म्हणून १९:१९:१९ असो, १५:१५:१५ असो, डीएपी असो की शेणखत, टँकमध्ये नको.

मग स्वस्त काय? बाजारातल्या बाटलीत बहुतांश पाणी असते. त्यात विरघळवलेले क्षार साधारण तेच, जे नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार ठिबकमधून वेलींना देतात. कृषी सेवा केंद्रात ती 'विद्राव्य खते' म्हणून एक किलोच्या पिशवीत मिळतात. अंधेरीत असे दुकान सापडणे कठीण, पण कल्याण, भिवंडी, वसईकडे नातेवाईक असतील तर त्यांना सांगता येते. पिशवीवरचे तीन आकडे नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमाने वाचायचे. आपल्याला हवे ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. त्यात नत्र नाही, त्यामुळे अमोनियाची भीती नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये हिशेबाने छप्पन्न लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पन्नासच्या आत-बाहेर धरा. उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट विरघळवा. आठवड्यातून एकदा पाव टँक पाणी बदलले की या द्रावणाचे १० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे एक मापटे, टँकमध्ये घाला. त्यातून दर लिटरला साधारण तीन मिलीग्रॅम पोटॅशियम मिळते. साध्या टँकला एवढे पुरते.

अर्ध्या लिटरची ही बाटली पन्नास आठवडे चालते, आणि एका किलोत अशा पन्नास बाटल्या होतात. म्हणजे एकट्याने पिशवी घेतली तर नातवंडांनाही पुरेल! त्यापेक्षा इमारतीतल्या किंवा वर्गातल्या दहा घरांनी मिळून घ्यावी आणि वाटून टाकावी. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च चहा-बिस्किटाइतका.

मासे अगदी मोजके आणि झाडी दाट असेल, खालची पाने पिवळी पडत असतील, तरच १३:००:४५ घ्यावे. हे पोटॅशियम नायट्रेट. यातले नत्र नायट्रेटच्या रूपात असते, त्यामुळे बेताच्या मात्रेत माशांना सोसते. पण शोभेच्या दारूत वापरतात तो सोरा हाच, तेव्हा गॅसच्या शेगडीजवळ किंवा मुलांच्या हाताशी ठेवू नये.

लोहाच्या बाबतीत स्वस्ताईचा मोह आवरावा. हिराकस स्वस्त असतो, पण टँकच्या पाण्यात त्याचा पाहता पाहता गंज होऊन तळाशी बसतो आणि झाडाला काही मिळत नाही. 'चिलेटेड' लोह घ्यावे. ईडीटीएपेक्षा डीटीपीए लिहिलेले मिळाले तर बरे, कारण ते किंचित अल्कधर्मी पाण्यातही टिकते. आठवड्यातून दोनदा अगदी चिमूटभर पुरे. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण घेतलेच तर त्यात तांबे किती आहे ते वाचा. झिंगे आणि गोगलगायी थोड्याशा तांब्यानेही मरतात. मोरचूद तर टँकच्या आसपाससुद्धा नको.

थोडे खत चांगले, तर जास्त खत अधिक चांगले, असे मात्र नाही. १८९१च्या सुमारास बांधलेला पवई तलाव पाहा. वर्षानुवर्षे सांडपाण्यातून त्यात नत्र-स्फुरद उतरते आहे आणि जलपर्णी इतकी माजते की महापालिकेला यंत्रे लावून ती काढावी लागते. आपल्या पेटीतही तसेच होते, फक्त जलपर्णीऐवजी काचेवर हिरवे शेवाळ चढते. शेवाळ दिसले की दोन आठवडे खत बंद, दिवा तासभर कमी, माशांचे खाणे अर्धे. बदललेले पाणी मोरीत ओतू नका. कढीपत्त्याच्या कुंडीला ते फार मानवते.

आणि बनवलेले द्रावण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत मुळीच भरू नका. औषधाची गडद रंगाची बाटली घ्या, तिच्यावर मराठीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत 'टँकचे खत, पिऊ नये' असे लिहा, तारीख घाला आणि ती फ्रिजमध्ये न ठेवता उंच फळीवर ठेवा.