मोगली, बघीरा आणि आपल्या उसातला बिबट्या

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा एसटीत रेंज गेली म्हणून अर्ध्यात तुटला, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलण्यातले दोन-चार ‘बरं का’ गाळलेत, बाकी सगळं तेच.

आजचा सिनेमा आहे 2016 सालचा ‘द जंगल बुक’. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो हिंदीत पाहिला असणार. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, बल्लूला इरफान खान, बघीराला ओम पुरी. नानांनी 1993 मध्ये दूरदर्शनवरच्या मोगलीच्या मालिकेतही शेरखानचाच आवाज दिला होता. म्हणजे आपल्या आई-बापाला आणि आपल्याला एकाच माणसाने घाबरवलंय!

दिग्दर्शक जॉन फॅव्हरो. जंगल इतकं खरं वाटतं, पण शूटिंग झालं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. झाडं, पाऊस, लांडगे, जवळजवळ सगळं कॉम्प्युटरवर तयार केलेलं. खरा होता तो मोगली झालेला नील सेठी. या कामाला 2017 मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

आता मूळ गोष्ट. लेखक रुडयार्ड किपलिंग. जन्म 30 डिसेंबर 1865, मुंबई. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पुस्तक आलं 1894 मध्ये, आणि लिहिलं अमेरिकेत बसून! गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरात, म्हणजे आपल्या नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. तिथल्या पेंचच्या जंगलाचा एक भाग आज महाराष्ट्रात येतो.

सिनेमाने पुस्तकात बरेच बदल केले. ‘का’ नावाचा अजगर पुस्तकात मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवायला धावून जातो. सिनेमात तोच अजगर मादी होऊन मोगलीला गिळायला बघतो. माकडांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच. डिस्नेने 1967 च्या कार्टून सिनेमात तो ओरांगउटान म्हणून आणला. आता ओरांगउटान भारतात कुठून येणार? म्हणून 2016 मध्ये त्याला फार पूर्वी नामशेष झालेला एक अवाढव्य वानर केलं.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो शेरखानचा बदल. सिनेमात त्याचा चेहरा मोगलीच्या बापाने जाळलाय, म्हणून त्याला माणसाचा राग. पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे. नीट शिकार जमत नाही, म्हणून तो गावातली गुरं मारतो. वैनगंगेकाठचे लोक चिडल्यावर तो इकडे सरकतो. तेव्हा मोगलीची लांडगा-आई आणि बाबा वैतागून जे बोलतात, त्याचा अर्थ असा, की हा गुरं मारून निघून जाईल, लोक जंगल पिंजून काढतील, गवत पेटवतील, आणि पळावं लागेल आपल्याला आणि आपल्या पिल्लांना.

पुस्तकात जंगलाचा कायदा आहे, की माणसाला मारायचं नाही. का? माणूस फार चांगला म्हणून नाही. एक माणूस मेला की मागून बंदुका, मशाली घेऊन माणसं येतात आणि अख्ख्या जंगलाला भोगावं लागतं, म्हणून. सिनेमातला पाण्याचा तह आठवतो का? दुष्काळात नदीतला खडक उघडा पडला की पाण्यावर शिकार बंद. तो दुसऱ्या ‘जंगल बुक’मधून घेतलाय. तिथेही एकमेकांवर प्रेम वगैरे काही नाही. सगळ्यांना जगायचं असेल तर नियम पाळा, एवढंच.

आता मी शिरूर-दौंडवर का येतोय ते सांगतो. या गोष्टीतली दोन जनावरं आपल्या शेजारी राहतात.

पहिला लांडगा. चौफुल्यावरून सुप्याकडे जाताना जो माळ लागतो, तशा माळांवर लांडगे आजही आहेत. आपण लहानपणी ऐकली ती ‘लांडगा आला रे आला’, त्यात तो खलनायक. किपलिंगने त्याला आई केलं. खरा लांडगा या दोन्हीत बसत नाही. तो धनगराच्या वाड्यातली मेंढी उचलतो, मेंढपाळाचं नुकसान खरं असतं. आणि माळ कमी होत चाललाय, तिथे प्लॉट पडतायत, कारखाने येतायत, भटकी कुत्री वाढतायत. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय अभ्यासातून सिद्ध झालं. म्हणजे आपला अकेला बंदुकीशिवायही संपू शकतो.

दुसरा बघीरा. बघीरा म्हणजे कुठला वेगळा प्राणी नाही. काळ्या रंगाचा बिबट्याच. घोड आणि कुकडीच्या काठच्या उसात जो राहतो, त्याच जातीचा. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. बिबट्याला बारा महिने लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. मादी उसातच पिल्लं घालते आणि ऊसतोडीच्या वेळी ती सापडतात. या पिल्लांना जंगल माहीतच नाही, ऊस हेच त्यांचं जंगल.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी पेटवली गेली, आणि शेवटी एका बिबट्याला गोळ्या घालून मारलं गेलं. माणूस मेला की बंदूक येते. किपलिंगने लिहिलेलं कारण 131 वर्षांनी आपल्या तालुक्यात जसंच्या तसं घडलं.

ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला ‘बिबट्यांवर प्रेम करा’ असं मी सांगणार नाही. माणसं मारणारा बिबट्या हटवलाच पाहिजे. पण दिसेल तो बिबट्या पकडून लांब सोडला म्हणजे प्रश्न सुटतो, असंही नाही. जुन्नर भागात 2001 नंतर असे कितीतरी बिबटे पकडून दुसरीकडे सोडले होते. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. शेरखान निघून जातो आणि भोगतात दुसरेच, ते हेच.

म्हणून मला वाटतं, सिनेमातून घ्यायचं ते बघीराशी दोस्तीचं स्वप्न नाही, आणि शेरखानला आगीत पाडण्याचा शेवटही नाही. घ्यायचा तो कायदा. आणि तो बिबट्याला वाचता येत नाही, म्हणून पाळायचा आपणच.

आपल्याकडचा कायदा साधा आहे. अंधार पडल्यावर आणि पहाटे लहान पोराला एकटं बाहेर सोडायचं नाही. उसाच्या कडेला वाकून, बसून काम करताना एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं, कारण खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. रात्री जाताना बॅटरी हातात, मोबाईलवर गाणी मोठ्याने, आणि हेडफोन काढायचे, आमचा पॉडकास्ट चालू असला तरी! शेळ्या-कोंबड्या जाळीच्या बंद गोठ्यात. वस्तीभोवती उकिरडा ठेवायचा नाही, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या. उसात पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, सेल्फी तर नाहीच, आई जवळपासच असते. वनविभागाचा नंबर 1926, तो आत्ताच सेव्ह करा.

आणि थोडा कायदा सरकारनेही पाळायचाय. पाणी द्यायला रात्रीचीच वीज मिळाली, तर शेतकरी अंधारात उसात जाणारच. दिवसा वीज मागणं ही बिबट्याच्या प्रश्नातलीच मागणी आहे.

सुट्टीत घरातल्या लहानग्यांना हा सिनेमा जरूर दाखवा. मोगली लांडग्यांबरोबर पळतो तेव्हा त्यांना हसू दे, शेरखान आला की घाबरू दे. संपल्यावर मात्र एवढं सांगा, की आपल्या उसातही बघीरा राहतो, तो आपला मित्र नाही आणि वैरीही नाही, म्हणून दिवे लागणीच्या आत घरात यायचं.

ऐकत राहा, आणि रस्त्यात असाल तर एक कान उघडा ठेवा. भेटू पुढच्या भागात!