रेम निद्रेतील स्नायुशिथिलता

रेम निद्रेतील स्नायुशिथिलता म्हणजे झोपेच्या स्वप्नप्रधान अवस्थेत शरीरातील बहुतेक ऐच्छिक स्नायूंचा ताण तात्पुरता नाहीसा होणे होय. हा विकार नसून मेंदूने घडवून आणलेली नैसर्गिक स्थिती आहे. या अवस्थेत बंद पापण्यांखाली डोळ्यांच्या जलद हालचाली होतात; त्यावरून तिला ‘रेम’ हे नाव मिळाले. प्रौढांमध्ये ती साधारणतः दर ९० मिनिटांनी येते आणि एकूण झोपेचा २० ते २५ टक्के काळ व्यापते.

शोध

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी या निद्रेतील नेत्रहालचालींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल झुवे यांनी मांजरांमध्ये त्या वेळी स्नायूंचा ताण नाहीसा होतो, हे दाखवले. पुढे मस्तिष्कस्तंभाच्या विशिष्ट भागाला इजा केली असता मांजरे झोपेतच उठून हल्ला केल्यासारखी वागू लागली. शिथिलता ही केवळ विश्रांती नसून मेंदूची सक्रिय क्रिया आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

यंत्रणा

मस्तिष्कस्तंभातील ‘सेतू’ या भागातील काही चेतापेशी लंबमज्जा व मेरुरज्जूतील निरोधक चेतापेशींना उत्तेजित करतात. या निरोधक पेशी ग्लायसीन व गॅबा ही रसायने स्रवतात. परिणामी स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या प्रेरक चेतापेशी दबून राहतात आणि स्वप्नातील हालचाली प्रत्यक्षात उतरत नाहीत. श्वासपटल व डोळ्यांचे स्नायू मात्र कार्यरत राहतात. त्यामुळे श्वसन अखंड चालू असते.

बिघाड

शिथिलता ओसरण्यापूर्वीच जाग आल्यास व्यक्ती शुद्धीवर असूनही तिला हलता किंवा बोलता येत नाही. यास निद्रापक्षाघात म्हणतात. छातीवर दडपण येणे, खोलीत कोणी असल्याचा भास होणे असे अनुभव त्यात येतात. म्हणून अनेक समाजांत ही भूतबाधा मानली गेली. प्रत्यक्षात ही स्थिती काही सेकंदांत वा मिनिटांत आपोआप संपते आणि सहसा निरुपद्रवी असते. अपुऱ्या व अनियमित झोपेमुळे तिची शक्यता वाढते.

याउलट शिथिलताच नाहीशी झाल्यास व्यक्ती स्वप्नानुसार हातपाय झाडते, ओरडते, प्रसंगी स्वतःला किंवा शेजारी झोपलेल्यास इजा करते. रेम निद्रा वर्तनविकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन कार्लोस शेंक, मार्क महोवाल्ड व सहकाऱ्यांनी १९८६ साली केले. उतारवयात उद्भवलेला हा विकार अनेकदा कंपवाताची (पार्किन्सन रोगाची) पूर्वसूचना ठरतो. म्हणून अशी लक्षणे आढळल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.