आधी एसएमपीएस बघा, मग कार्ड

अंजनगाव सुर्जीत काय किंवा अकोल्यात काय, जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घेणारा आधी विचारतो, मेमरी किती जीबी? खरं तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, किती वॉटचा, हे आधी बघावं. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट देतो. त्यापुढे वेगळी पॉवर केबल लागते आणि जुन्या ऑफिस-संगणकांत ती बहुधा नसतेच. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा, म्हणजे तापणं आलंच! म्हणून 2019 सालच्या जीटीएक्स 1650 कार्डाचं बिनकेबलचं मॉडेल बरं. ‘आरएक्स 6400 कार्ड त्याहून नवं आणि 53 वॉटचंच’ हा आक्षेप रास्त. पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर अनेक गेम्समध्ये मंदावतं. नुसतं टायपिंग आणि व्हिडिओ असतील, तर कार्ड घेऊच नका, एसएसडी घ्या.