काळ्या रेघांची साक्ष

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर, आणि कट्टे त्याची उपकरणं ठेवण्यासाठी बांधलेले. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली याच दिवशी, याच जागेवरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना लॉकियरने हेलियमचा शोध लावला, असं तिथे सांगितलं जातं आणि वर्तमानपत्रांतून छापूनही येतं.

यातले कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं. गडबड आहे ती सालाची. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. युद्धखात्यातली कारकुनी सांभाळून तो आकाश बघायचा, आणि त्याने मागवलेला वर्णपटदर्शक अजून हाती यायचा होता. विजयदुर्गाला तो आला जानेवारी १८९८ मध्ये, निराळ्याच ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही जवळजवळ तीन वर्षं झाली होती.

दंतकथा खोडायची हौस म्हणून हे सांगत नाही. खरी हकिगत तिच्याहून सरस आहे, म्हणून सांगतो. सूर्यात काय काय आहे हे कळतं ते मुख्यतः त्याच्या प्रकाशातून काय शोषलं गेलं त्यावरून. आणि सूर्याच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा असलेला हेलियम नेमका या हिशेबात सापडत नाही.

आधी हिशेब कसला ते पाहू. बुटांचं रिकामं खोकं घ्या. एका टोकाला दाढीच्या ब्लेडची दोन पाती जवळजवळ चिकटवून केसाएवढी फट ठेवा. दुसऱ्या टोकाला जुनी सीडी तिरकी बसवा, आणि तिच्यावरची रंगांची पट्टी बघायला वर एक भोक पाडा. फट पांढऱ्या ढगाकडे धरायची, सूर्याकडे चुकूनही नाही. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतची पट्टी दिसेल. फट पुरेशी बारीक असेल आणि थोडा धीर धरलात, तर त्या पट्टीत आडव्या रंगांना छेदणाऱ्या बारीक काळ्या रेघाही दिसतील. तेवढे रंग वाटेत कुणीतरी खाल्लेले असतात.

विल्यम वोलॅस्टन या इंग्रजाने त्या १८०२ साली पाहिल्या, आणि दोन रंगांमधल्या नैसर्गिक सीमा समजून सोडून दिल्या. त्यांना गांभीर्याने घेतलं ते योझेफ फ्राउनहोफरने. हा म्युनिकमधला पोरका, काचकाम शिकणारा पोरगा. १८०१ मध्ये मालकाचं घर कोसळलं आणि तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला. जिवंत बाहेर निघाला तेव्हा बव्हेरियाच्या शासकाने त्याला पैसे दिले, त्यातून त्याचं शिक्षण आणि अवजारं झाली. पुढे बेनेडिक्टबॉयर्नच्या काचकारखान्यात भिंगांसाठी काच पारखताना त्याला प्रत्येक रंगाची नेमकी खूण हवी होती. काळ्या रेघा आयत्याच मिळाल्या. १८१४ पासून त्याने पाचशेहून अधिक रेघांचा नकाशा काढला आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. त्या कशामुळे पडतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि भिंगांच्या कामाला ते लागतही नव्हतं. एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला.

पिवळ्या रंगातली डी नावाची जोडरेघ मात्र त्याच्या डोळ्यात भरली होती. दिव्याच्या ज्योतीत नेमक्या त्याच जागी झगझगीत पिवळी जोडरेघ दिसते. गॅसवर आमटी उतू गेली की निळी ज्योत भस्सकन पिवळी होते, तोच हा पिवळा. मिठातल्या सोडियमचा. १८५९ मध्ये हायडेलबर्गला गुस्टाफ किर्शहॉफने सूर्याचा प्रकाश मिठाच्या ज्योतीतून पार करून पाहिला. ज्योतीचा पिवळा मिसळून काळी रेघ भरून येईल, अशी कुणाचीही अटकळ. झालं उलटंच. रेघ आणखी काळी झाली.

सोडियमची वाफ तापली की जो रंग टाकते, तोच रंग मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून उचलते. उचललेला प्रकाश ती पुन्हा सोडते, पण चहूदिशांना. आपल्या दिशेने येणारा वाटा घटतो आणि तिथे रेघ काळी दिसते. याचा अर्थ सूर्याच्या अंगाभोवतीच्या थंड थरात सोडियम आहे. थंड म्हणजे साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या खालचा. ताऱ्यांचं रसायन माणसाला कधीच कळणार नाही, असं तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंत याने १८३५ मध्ये ठासून लिहून ठेवलं होतं. तो वारून दोन वर्षं होतात न होतात तोच लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी सूर्यातली यादी होऊ लागली.

यादीत पहिली मेख निघाली ती फ्राउनहोफरच्या पहिल्याच अक्षरांत. ए आणि बी या रेघा सूर्याच्या नाहीतच. आपल्या हवेतला ऑक्सिजन त्या पाडतो. सूर्य मावळतीला गेला, किरणांना जास्त हवा कापावी लागली, की अशा रेघा गडद होतात. हवेच्या रेघा आणि सूर्याच्या रेघा निवडून वेगळ्या करायच्या कामाला फ्रान्समध्ये पिएर जान्सेनने स्वतःला जुंपून घेतलं. पॅरिसच्या गॅस कारखान्यात त्याने ३७ मीटर लांबीच्या नळीत वाफ भरून तिच्या पलीकडे दिवा ठेवला आणि पाण्याच्या वाफेच्या रेघा ओळखल्या. लहानपणापासून पायाने अधू असलेला हा गृहस्थ म्हातारपणी हमालांच्या खांद्यावरून माँ ब्लांकवर चढला, तो वर हवा विरळ झाल्यावर ऑक्सिजनच्या रेघा फिकटतात का हे बघायला. १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला असताना तो बलूनमधून निसटला. कशासाठी? अल्जीरियातलं ग्रहण गाठायला. तिथे ढग आले. विज्ञानाच्या इतिहासात याच्याइतका लोभस हट्टी माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

१८६८ चं ग्रहण जान्सेनने पाहिलं गुंटूरहून. कोकण किनाऱ्यावरून आत शिरलेली ती सावली जमखंडी, विजापूर करत गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेला उसळलेल्या सौरज्वाळांमध्ये सगळ्यांनाच चमकत्या रेघा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या. जान्सेनला त्या इतक्या ठळक वाटल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्याने त्या पुन्हा पकडून दाखवल्या. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये लॉकियरनेही स्वतंत्रपणे तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली, आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेलं एकच पदक काढलं.

त्या चमकत्या रेघांत एक पिवळी होती. प्रथम ती सोडियमची डी समजली गेली. बारकाईने मोजल्यावर ती किंचित सरकलेली निघाली. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. लॉकियरने तिला डी-३ म्हटलं, आणि हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असावं असं धरून नाव दिलं हेलियम. रसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. त्यात त्यांचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. एका रेघेवर मूलद्रव्य उभं करायचं, आणि तेही सूर्याच्या काळ्या रेघांच्या यादीत जिचा जोडीदार नाही अशा रेघेवर. ५८७.६ च्या जागी सूर्यप्रकाशात काळी रेघ जवळजवळ नसतेच. विल्यम रॅम्झीने १८९५ च्या मार्चमध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत ती पिवळी रेघ पाहिली, तेव्हा वाद मिटला.

लॉकियर विजयदुर्गाला आला तो यानंतर. सोबत 'मेलपोमिनी' ही युद्धनौका. तिच्या खलाशांना शिकवून निरीक्षणाला लावलं होतं. २२ जानेवारी १८९८ चं ते ग्रहण आपल्यासाठी खास होतं, कारण खग्रासाचा पट्टा महाराष्ट्र तिरका कापत गेला आणि जगभरचे सूर्यवेडे त्यावर येऊन बसले. करमाळ्याजवळच्या जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल, आणि तिथेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संचालक होते. वऱ्हाडात तळणीला मॉन्डर दांपत्य आणि जॉन एव्हर्शेड, पुलगावला केंब्रिजचा न्यूऑल. मुंबई-पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, आणि इकडे माळरानांवर तंबू पडले होते. नायगमवालांनी जेऊरचा सविस्तर अहवाल लिहिला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. विजयदुर्गाच्या कट्ट्यांना दंतकथा तरी मिळाली, जेऊरच्या वाट्याला तीही नाही.

हे सारे आले होते ते काही सेकंदांसाठी. चंद्राने सूर्याची तबकडी पुरती झाकली की तिच्यावरचा पातळ थर क्षणभर एकटा उघडा पडतो. मागचा लखलखाट नसल्यामुळे एरवी काळ्या दिसणाऱ्या रेघा एकदम उजळतात. याला क्षणदीप्त वर्णपट म्हणू. काळ्या रेघांची यादी आणि या उजळ रेघांची यादी ताडून पाहायची होती. बहुतेक नावं दोन्हींत होती, पण त्यांचा जोर सारखा नव्हता, आणि हेलियम ठसठशीतपणे फक्त उजळ यादीत. लॉकियर यावरून भांडायला उठला: उजळ थर आणि काळ्या रेघा पाडणारा थर एकच नव्हे.

उत्तर आलं कलकत्त्याहून. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं, की कुठल्या मूलद्रव्याची रेघ किती गडद हे ते किती आहे एवढ्यावर ठरत नाही. तापमान आणि दाब यांवर त्याचे किती अणू शोषणाच्या स्थितीत असतात हे ठरतं. हेलियमच्या अणूला तो पिवळा रंग उचलायचा तर त्याचा इलेक्ट्रॉन आधीच सुमारे २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर चढलेला हवा. सूर्याच्या पृष्ठभागावर एवढी चढण जवळपास कुणालाच परवडत नाही. वर्गात बसलेला मुलगा हजेरीला 'हजर' म्हणाला नाही, म्हणून पटावर गैरहजर लागावा, तसं हे. सोडियम, कॅल्शियम मात्र चिमूटभर असूनही मोठ्याने ओरडतात, कारण त्यांना थोडक्या ऊर्जेत भागतं. साहांचंच सूत्र घेऊन हार्वर्डमध्ये सिसिलिया पेनने १९२५ साली हिशेब मांडला तेव्हा हायड्रोजन आणि हेलियम बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट निघाले. हेन्री नॉरिस रसेलसारख्या बड्या माणसाला ते पटेना, म्हणून प्रबंधात तिला स्वतःच्याच आकड्यांपुढे 'जवळजवळ नक्कीच खरे नाहीत' असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षावर आला.

काय शोषलं गेलं यावरून ओळखण्याचा असलाच हिशेब कोरोनाच्या साथीत, २०२० नंतर, आपल्या घराघरांत आला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून दोन प्रकाश पाठवतो: ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तांबडा कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. रितं हिमोग्लोबिन उलट. पण वाटेत कातडी, हाड, शिरेतलं रक्तही शोषत असतंच. जपानमध्ये निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी हा अभियंता १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्याच मोजणीवर काम करत होता आणि नाडीच्या ठोक्याने त्याचा आलेख सारखा हलायचा. ती थरथर काढून टाकण्याच्या खटपटीत त्याला उमगलं, की ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. हलणारा भाग तेवढा मोजला की हाड-कातडी आपोआप वजा होतात. आओयागी वारला एप्रिल २०२० मध्ये, त्याच्या यंत्रासाठी जग दुकानांपुढे रांगा लावत असताना.

वजाबाकी पुरती शुद्ध मात्र नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं प्रमाण ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या मोजण्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांच्या मोजण्यांत ११.७ टक्के निघालं. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या बोटांसाठी हा आकडा दूरचा नाही.

याहून घातक चूक कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत होते. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू राहिला की तो वायू हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो, आणि असं हिमोग्लोबिन ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश जवळपास ऑक्सिजनवाल्याइतकाच शोषतं. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवतं. गीझर लावून आंघोळीला गेलेल्याचं डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर बोटावरचा आकडा बघत बसू नये. माणसाला आधी उघड्या हवेत आणावं, गॅस बंद करावा, दवाखाना गाठावा, आणि डॉक्टरांना गीझरचं सांगावं. तिथे रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरमध्ये तपासतात. तो दोनऐवजी अनेक तरंगलांबींवर शोषण मोजतो, आणि तेवढ्याने ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळे ओळखू येतात.