जुन्या इमारतींचे नूतनीकरण आणि शिसेयुक्त रंग

जुन्या इमारतीची दुरुस्ती किंवा रंगकाम करताना आधीचा शिसेयुक्त रंग खरवडला, घासला वा जाळला गेल्यास निघणाऱ्या धुळीतून व वाफेतून शिशाची विषबाधा होऊ शकते. रंगाचा थर अखंड आणि घट्ट असेपर्यंत धोका सहसा कमी असतो. तो बहुधा दुरुस्तीच्या कामातूनच उद्भवतो.

पार्श्वभूमी

जवसाच्या तेलात खललेला सफेता, म्हणजे शिशाचे क्षारीय कार्बोनेट, दीर्घकाळ पांढऱ्या तैलरंगाचा मुख्य घटक होता. पिवळ्या छटेसाठी लेड क्रोमेट, तर लोखंड गंजू नये म्हणून शेंदूर वापरीत. (लोखंडी कामाला दिला जाणारा तपकिरी रेड ऑक्साइड हा शेंदूर नव्हे, ते लोहाचे ऑक्साइड असते.) त्यामुळे साध्या चुन्याने रंगवलेल्या भिंतींपेक्षा तैलरंग दिलेली दारे, खिडक्या व कठडे अधिक संशयास्पद ठरतात.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच मुलांच्या विषबाधेचा संबंध घरांच्या कठड्यांवरील व भिंतींवरील रंगाशी जोडला होता. तरीही अमेरिकेत घरगुती शिसेयुक्त रंगावर बंदी येण्यास १९७८ साल उजाडले. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. मात्र हा नियम रंगाचे उत्पादन व व्यापार यांपुरता आहे. पूर्वी दिलेले थर जागच्या जागी आहेत.

दक्षता

शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. पोटात गेलेले शिसे लहान मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात; मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम कायमचा असू शकतो. म्हणून मुले व गरोदर स्त्रिया यांना काम संपून सफाई होईपर्यंत दूर ठेवणे आवश्यक असते. कामगारांची कुटुंबे कामाच्या जागीच राहत असल्यास हे विशेष महत्त्वाचे ठरते.

डोळ्यांनी पाहून शिसे ओळखता येत नाही. सर्व थरांसह घेतलेला नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. शिसे आढळल्यास कोरडे घासणे व ब्लो लॅम्पने रंग जाळणे टाळतात. पृष्ठभाग ओला करून पोपडे काढतात आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरतात. तोंडाला बांधलेला रुमाल ही सूक्ष्म धूळ अडवू शकत नाही. झाडूने ती पुन्हा हवेत उडते, त्यामुळे ओल्या फडक्याने किंवा हेपा गाळणीच्या व्हॅक्यूम क्लीनरने सफाई करतात. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुतात.