तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे औषध

अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हटले की डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येते. प्रत्यक्षात रुग्णाच्या अंगावर एकही टाका पडत नाही. भूल दिली जाते ती दात्याला. त्याच्या कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढून घेतात. तिची पिशवी रक्ताच्या पिशवीसारखीच दिसते आणि सलाईनसारखी रुग्णाच्या शिरेतून चढते. तिच्यातल्या मूलपेशी रक्तातून वाट काढत आपणहून हाडांच्या पोकळीत जाऊन वसतात. हा ‘शून्य दिवस’. पुढचे सगळे दिवस इथून मोजायचे.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मज्जेबरोबर दात्याच्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीही येतात. परके ते मारायचे, एवढेच त्यांना ठाऊक. इथे तर सारे शरीरच परके! त्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. या आजाराला वॉर्डात ‘जीव्हीएचडी’ म्हणतात.

अमेरिकेतले डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना मज्जा दिली. एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले, पेशींची जुळणी शिकले आणि १९६९ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये भावंडांच्या मज्जेने ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, रुग्ण बरे करण्याच्या कामाला पुन्हा भिडले. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सिअ‍ॅटलमध्ये हे तंत्र शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण.

भाऊ जुळला म्हणून हे झाले. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकुलत्या मुलाने काय करायचे? आई-वडील तर सहसा अर्धेच जुळतात, कारण मूल दोघांकडून निम्मा-निम्मा जनुकसंच घेते. अर्ध्या जुळणीवर मज्जा दिली, तर जीव्हीएचडी भयंकर होई.

ही कोंडी फोडली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने, तीही १९५९ पासून कर्करोगावर वापरात असलेल्या सायक्लोफॉस्फामाइड या जुन्या औषधाने. प्रत्यारोपणानंतर हे औषध देण्याचे प्रयोग डॉ. जॉर्ज सँटोस यांनी १९६० च्या दशकातच उंदरांवर केले होते. तो धागा डॉ. लिओ लुझ्निक आणि डॉ. एफ्रेम फुक्स यांनी पुढे नेला आणि २००८ मध्ये ६८ रुग्णांचा अनुभव मांडला.

युक्ती सगळी वेळेची आहे. नव्या शरीरावर चिडलेल्या टी-पेशी पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने दुपटीने वाढू लागतात. सायक्लोफॉस्फामाइड वाढत्या पेशींनाच गाठते. म्हणून ते तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी द्यायचे, वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम. शांत बसलेल्या टी-पेशी वाचतात. पुढे जंतुसंसर्गाशी त्याच लढतात. मूलपेशींजवळ तर हे औषध निकामी करणारे विकर असते, त्यामुळे त्याही सुखरूप राहतात.

या दोन दिवसांत वॉर्डात डोळ्यांत तेल घालून काम चालते. औषधापासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ मूत्राशय जाळतो, म्हणून भरपूर सलाईन आणि मेस्ना हे संरक्षक औषध. स्टेरॉइडला मात्र सक्त मनाई, उलटी थांबवण्यासाठीसुद्धा. ताप चढला तरी एरवीसारखे स्टेरॉइडकडे धावायचे नाही. टी-पेशींना आधीच दाबले, तर त्या वाढणार नाहीत. आणि वाढल्या नाहीत, तर मरणार नाहीत! प्रतिकारशक्ती आवरणारी नेहमीची औषधे पाचव्या दिवसापासून.

पुढे पूर्ण जुळणारा दाता मिळालेल्या रुग्णांनाही याचा लाभ झाला. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत ४३१ रुग्ण होते. गंभीर जीव्हीएचडी नाही आणि मूळ आजारही उलटला नाही, असे रुग्ण वर्षअखेर जुन्या पद्धतीत सुमारे ३५ टक्के होते, नव्या पद्धतीत ५३ टक्के.

धोके संपलेले नाहीत. रक्तपेशी वाढायला वेळ लागतो, तोवर जंतुसंसर्गाची भीती असते आणि ल्युकेमिया उलटू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तर सुरुवातीच्या प्रयत्नांत अर्ध्या जुळणीची मज्जा जवळजवळ निम्म्या रुग्णांत रुजलीच नाही. संशोधकांनी मज्जा देण्याआधी रुग्णाच्या शरीराला तयार करणारे उपचार अधिक कडक केले. नंतरच्या एका चाचणीत ४२ प्रौढ रुग्णांपैकी ९५ टक्के दोन वर्षांनंतर हयात होते.

गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलच्या वेदना सोसणारी मुले आहेत, गावोगाव थॅलेसेमियासाठी दर महिन्याला रक्त चढवून घेणारी मुले आहेत. भावंड जुळले नाही, असा अहवाल त्यांच्या घरी आला, तर पालकांनी तिथेच थांबू नये. प्रत्यारोपण केंद्रातल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: आमची अर्धी जुळणी चालेल का?